रेफरी, शटर उघड!

शटरकाकांचा आवाज आधी घरी येतो आणि काका मागून येतात, असं त्यांची बायको म्हणायची. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीमागे बसायची. दिवसभर काचेपलीकडच्या लोकांची कुजबुज कान देऊन ऐकायची आणि घरी येऊन जरा टेकते न टेकते तोच जिन्याच्या पहिल्या पायरीवरून आवाज चढायचा, "चहा टाकलास का गं?" वरच्या मजल्यावरची म्हातारी एकदा आतूनच "टाकला, टाकला!" म्हणाली होती.

पण काकांचा तरी काय दोष? दुकानांची लोखंडी शटरं दुरुस्त करायचा त्यांचा धंदा. शिडीवर चढून वरच्या डब्यात डोकं घालायचं, स्प्रिंगला पीळ द्यायचा, वाकलेल्या पट्ट्या हातोडीने ठोकून सरळ करायच्या आणि मग ते धूड कानापाशी पुन्हापुन्हा वर-खाली करून बघायचं. उभा जन्म यात गेला. कान कधी मंद झाले ते त्यांना कळलंही नाही. ज्याला कमी ऐकू येतं तो मोठ्याने बोलतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. एकट्या काकांना ठाऊक नव्हतं.

एरवी माणूस साधा. व्यसन म्हणाल तर एकच, फुटबॉल. त्यातही गावचा संघ, ज्याला सगळे नुसते 'हिरवे' म्हणत. हे हिरवे दरवर्षी बुडता बुडता काठाला लागायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा बुडायला तयार असायचे. घरच्या मैदानावर काय, कुणीही जाऊन टाळ्या पिटतो. काकांचं म्हणणं असं, की संघ परगावी जातो तेव्हा त्याला खरी आपल्या माणसांची गरज असते. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी काका पिशवी घेऊन स्टँडवर हजर. सोबतीला कोपऱ्यावरचा न्हावी. त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गिऱ्हाइकांना सांगायला गोष्टी हव्या असायच्या.

दोघांनी किती मैदानं पालथी घातली! बंदराजवळचं एक, जिथे उंच मारलेला चेंडू वाऱ्यामुळे परत मारणाऱ्याकडेच यायचा. एक लाकडी फळ्यांचं, तिथे पाय आपटले की प्रेक्षागार गाडीसारखं हलायचं. एक साबणाच्या कारखान्याला लागून होतं, तिथे पाऊस पडला की मैदानाला फेस येतो अशी थाप न्हावी गेली कित्येक वर्षं मारत होता आणि लोक ऐकून घेत होते. काकांना मात्र प्रत्येक मैदान दोन गोष्टींनी आठवायचं. तिथे आवाज कसा घुमतो ही एक, आणि बाहेरच्या गल्लीतली शटरं कशी वाजतात ही दुसरी. सामन्याच्या दिवशी मैदानाभोवतीची दुकानं धडाधड बंद व्हायची आणि काका फुटपाथवर उभे राहून, वैद्याने नाडी बघावी तसे ऐकत राहायचे. एका गावात एक शटर इतकं कर्कश किंचाळलं, की काकांना राहवेना. पिशवीत तेलाची छोटी बुधली असायचीच. परक्या दुकानदाराला "दोन मिनिटं हो" म्हणून ते शिडी मागून वर चढले, आणि हिरव्यांनी त्या वर्षातला सर्वांत सुंदर गोल केला तेव्हा काका कुणाच्या तरी चपलांच्या दुकानाला तेल घालत होते. न्हाव्याने तो गोल त्यांना परतीच्या वाटेवर सांगितला, तोही चुकीचा.

ओरडण्यात मात्र काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते नुसतं घसा फाडणं नव्हतं, त्याला पद्धत होती. सगळे ओरडतात तेव्हा ओरडणं म्हणजे वाया, असं ते म्हणायचे. हजारो माणसं एकदम ओरडली की एकदमच थांबतात, कारण त्यांनाही श्वास घ्यावा लागतो. तेवढ्या क्षणात अख्खं मैदान गप्प असतं. तो क्षण पकडायचा. काका छाती भरून घ्यायचे, खुर्ची करकरायची, आणि त्या शांततेत त्यांचं वाक्य पार पलीकडच्या गोलपर्यंत जायचं. वाक्य ठरलेलं आणि अर्थात रेफरीसाठी राखीव: "रेफरी, शटर उघड!"

डोळे झाकून निकाल देतोस काय, हे सांगायला काकांना आपल्या धंद्यातलंच सुचलं. पहिल्यांदा ओरडले तेव्हा खेळाडूसुद्धा हसले. पुढच्या वेळी आसपासच्या पोरांनी साथ दिली. दोन-तीन हंगामांत हिरवे जातील तिथे ते वाक्य जाऊ लागलं, आणि मग दुसऱ्या संघांच्या लोकांनीही उचललं. न्हावी प्रत्येक दाढीमागे ते कुणाचं आहे हे सांगत असे.

एक मात्र मानायला हवं. काका उगाच ओरडायचे नाहीत. शिव्या द्यायच्या तर नियम ठाऊक हवेत, हा त्यांचा बाणा होता. रेफरीचं बरोबर असलं तर स्वतःच्या संघाविरुद्ध असूनही ते गप्प बसायचे आणि आजूबाजूच्यांचा रोष पत्करायचे.

मुलगी लहान असताना बायकोला सुट्टीच्या दिवशीही दवाखान्यात ड्युटी असायची. म्हणून काका लेकीला बरोबर न्यायला लागले. उकडलेली अंडी, पाव, पाण्याची बाटली आणि पोर, अशी पिशवी भरायची. ती त्यांच्या उजव्या हाताला बसायची. खुर्ची करकरली, की आता बाबा ओरडणार हे तिला कळायचं, आणि ती डाव्या तळहाताने डावा कान झाकून घ्यायची. दुसऱ्या हातातलं अंडं खाणं चालूच. ना दचकणं, ना रडणं. न्हावी म्हणायचा, "काका, पोरगी तुमच्या आधी हात वर करते बघा. तुम्हाला स्वतःला कळायच्या आत तिला कळतं."

बाकीची मुलं चेंडू बघतात. ही बघायची रेफरीकडे, कारण बाबा सतत त्याच्याशीच बोलत होते. "बाबा, आता हात वर का केला?" "बाबा, आता तो का नाही थांबला?" काका सगळं समजावून सांगायचे. घरी आल्यावर ती पलंगावर उभी राहून आईला पिवळं कार्ड दाखवायची. भाजी खारट झाली तर लाल.

तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, पण मोठी झाल्यावर पोरीने खरंच शिट्टी गळ्यात घातली. परीक्षा दिल्या, पहाटे उठून धावली, शाळांचे सामने घेतले, मग कारखान्यांचे. काकांची छाती अशी फुगली, की बायको म्हणाली, "अहो, जिन्यातून वर येताना जरा आडवे व्हा."

आणि मग ते घडलं.

सामना किरकोळच होता. दोन कारखान्यांचे संघ, मातीचं मैदान, कडेला उभी असलेली जेमतेम शंभरेक माणसं. काका न्हाव्याला घेऊन गेले होते. अर्धा सामना छान पार पडला. मग एका पोराला गोलसमोर पाडलं, आणि लेकीने खेळ चालू ठेवला. लोक ओरडले. ओरडून थांबले. त्या थांबण्यात काकांची छाती आपोआप भरली आणि तोंड आपोआप उघडलं.

"रेफरी, शटर उघड!"

न्हाव्याने त्यांचं मनगट धरलं तेव्हा कुठे काकांना कळलं आपण काय केलं ते. एका खेळाडूने ओळखलं आणि तो पोट धरून हसायला लागला. "अरे, हिचा बापच म्हणतोय!" मग सगळं मैदान हसलं. लेक हसली नाही, वळली नाही. तिने शिट्टी तोंडात धरली आणि सामना पुरा केला.

घरी जेवायला बसल्यावर ती बोलली, तीही शांतपणे. त्यापेक्षा तिने ताट आपटलं असतं तर बरं झालं असतं.

"माझं चुकलंच होतं, बाबा. ती पेनल्टी होती. शिट्टी वाजवली नाही त्याच क्षणी मला कळलं होतं."

"अगं, सवय गं... तोंडातून निघून गेलं."

"दोन्ही संघांची माणसं माझ्या विरुद्ध असतात. असायचीच, त्याचं काही नाही. माझ्या बाजूचा एकच माणूस होता त्या मैदानावर. तोही ओरडला." ती पाणी प्यायली. "यापुढे माझ्या सामन्याला येऊ नका."

काकांनी हातातला घास ताटात परत ठेवला. बायकोने एरवी कितीतरी टोमणे मारले असते, पण त्या दिवशी तिने नुसती भाजी पुढे सरकवली.

त्यांनी शब्द पाळला. लेकीची नोकरीत बदली झाली, ती दुसऱ्या गावी राहायला गेली, वरच्या वर्गाचे सामने घेऊ लागली. ती घरी यायची, हसायची, बोलायची, बाबांच्या गुडघ्याला तेल चोळून द्यायची. सामन्यांचा विषय मात्र दोघंही टाळायचे. काका हिरव्यांच्या मागे हिंडत राहिले, पण त्यांच्यात काहीतरी बिघडलं होतं. नजर सारखी रेफरीवर जायची. मध्यंतरात खेळाडूंच्या पाठीवर थापा पडतात, रेफरी मात्र एका कडेला जाऊन एकटा पाणी पितो, हे त्यांनी जन्मभरात पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या बुटाची नाडी सुटली तर कुणी सांगत नाही. छाती भरायची, खुर्ची करकरायची आणि ऐनवेळी घशातून नुसती हवा निघायची. भोंगा बंद पडला म्हणून पोरं चिडवू लागली. वाक्य मात्र बंद पडलं नाही. ते आता पोरंच ओरडायची, टाळ्यांच्या तालावर, बरोबर असो की चूक. काकांना ते ऐकताना कसंनुसं व्हायचं. आपण घरात आणलेलं कुत्रं शेजाऱ्याला चावावं, तसं.

एके दिवशी बायको दवाखान्यातून आली ती थेट काकांसमोर बसली.

"मी तुम्हाला काही सांगितलं नाही असं समजा."

"काय?"

"तिला मोठा सामना मिळालाय. चषकाचा. त्या नव्या मोठ्या मैदानावर, छत आहे ना, तिथे. तुम्हाला सांगू नको म्हणाली." मग आवाज खाली आणून, "घाबरलीय. बोलली नाही, पण मला फोनवर कळतं."

रविवारी सकाळी हिरवा मफलर खुंटीवरच ठेवून काकांनी पिशवी उचलली. न्हाव्यालाही सांगितलं नाही. जिना उतरताना बायकोने हाक मारली आणि लिमलेटच्या गोळ्यांची पुडी त्यांच्या हातात कोंबली. "तोंडात ठेवा. एक संपली की दुसरी. तोंड उघडायचंच नाही."

"नाही उघडणार."

"आणि ती वर बघेल अशा जागी बसू नका."

मैदान खरंच मोठं होतं. बाहेरच्या गल्लीतली शटरं विजेवर चालणारी, कुरकुर न करता खाली येणारी. काकांना ती मेल्यासारखी वाटली. दारावरच्या पहारेकऱ्याने तेलाची बुधली काढून घेतली. काका सर्वांत वरच्या रांगेत, यजमान संघाच्या गर्दीत जाऊन बसले. पहिली गोळी तोंडात टाकली.

खाली बोगद्यातून दोन्ही संघ आले आणि मधोमध ती. एवढ्या उंचीवरून मूठभर दिसत होती. काळा शर्ट, मागे घट्ट बांधलेले केस, उजव्या कानात सहायकांशी बोलायचं ते यंत्र, त्याची वायर शर्टात गेलेली. हिरवे शेवटच्या सामन्यात बुडायला आले होते तेव्हाही काकांनी असं डोळे लावून पाहिलं नव्हतं.

तिने सामना छान धरला होता. उगाच शिट्टी नाही, उगाच हातवारे नाहीत, जिथे चेंडू तिथे ती. काकांच्या शेजारी एक दाढीवाला बसला होता, मांडीवर चहाचा मोठा कागदी पेला घेऊन. त्याला तिचं काहीच पसंत नव्हतं. एक साधा फाऊल दिला तर तो उठून उभा राहिला आणि त्याच्याबरोबर सगळी बाजू गरजली, टाळ्यांच्या तालावर:

"रेफरी! शटर उघड! रेफरी! शटर उघड!"

काकांना वाटलं कुणीतरी आपल्या थोबाडीत मारली. इतक्या दूर, या परक्या गावात ते वाक्य त्यांच्या आधी येऊन बसलं होतं.

"आमची जुनी घोषणा आहे ही," दाढीवाला अभिमानाने म्हणाला. "इथेच सुरू झाली. आता सगळे चोरतात. ओरडा की, काका!"

काकांनी गोळी दाखवली आणि मान हलवली.

"घसा बसलाय?"

काकांनी मान डोलावली. ते खोटंही नव्हतं.

दोन्ही संघांचा एकही गोल नव्हता आणि खेळ संपत आला होता. यजमानांना कोपऱ्यातून किक मिळाली. चेंडू उंच आला, घोळक्यात पडला, कुणाच्या तरी अंगाला लागून जाळ्यात गेला. सगळं मैदान उसळलं. दाढीवाल्याने काकांना मिठी मारली. आणि त्या गदारोळातून शिट्टी ऐकू आली. गोल नाही. तिने आपल्या दंडावर हात मारून खूण केली, चेंडू हाताने ढकललाय.

काकांनी पाहिलं होतं. वरून स्पष्ट दिसलं होतं. पोराने कोपर बाहेर काढलं आणि चेंडू आत लोटला. मैदानावर मात्र यजमान संघातले निम्मे खेळाडू तिच्याभोवती जमले, कुणी हात जोडतोय, कुणी तिच्या तोंडासमोर बोट नाचवतोय. ती मूठभर आकृती त्यात दिसेनाशी झाली. आणि छताखालून ते वाक्य पुन्हा सुरू झालं. आता ते चिडवणं नव्हतं, त्यात द्वेष होता. छतावर आपटून खाली येत होतं, पुन्हा वर जात होतं. काकांचेच शब्द, हजारो तोंडांनी, त्यांच्या लेकीवर.

खेळाडूंच्या घोळक्यात फट पडली. ती दिसली. एक पाऊलही मागे हटली नव्हती. एकाला पिवळं कार्ड दाखवून तिने चेंडू ठेवायची जागा बोटाने दाखवली.

काकांनी लेकीला दिलेला शब्द इथे येऊनच मोडला होता. बायकोला दिलेला तरी पाळायचा होता. तोंड उघडायचं नाही. पण गर्दी ओरडून ओरडून थकत आली होती आणि काकांचं शरीर, इतक्या वर्षांचं, तो क्षण ओळखत होतं. आता सगळे श्वास घेणार. त्यांनी गोळी रुमालात थुंकली. छाती भरली. खुर्ची करकरली. मैदान गप्प झालं.

"रेफरी, बरोबर आहे!"

भोंगा किती दिवसांनी वाजला होता! आवाज रांगांवरून खाली गेला, हिरवळ ओलांडून पलीकडे आपटला आणि परत आला. हजारो माना वळल्या. दाढीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं.

"ओ काका! तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"रेफरीच्या," काका म्हणाले.

दाढीवाल्याने पेल्यातला उरलेला चहा त्यांच्या सदऱ्यावर ओतला. गारच होता. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं.

खाली ती पाठमोरी उलट्या पावलांनी मध्याकडे निघाली होती. तिने मान वळवली नाही, वर पाहिलं नाही. फक्त तिचा डावा हात वर गेला आणि तळहात डाव्या कानावर क्षणभर टेकला.

पुढे न्हावी म्हणाला, की ती कानातलं यंत्र नीट करत असेल, रेफरी करतातच तसं. काकांनी त्याला एवढंच सांगितलं, की यंत्र उजव्या कानात होतं.

ओला सदरा अंगाला चिकटला होता. काका खाली बसले, पुडीतून नवी गोळी काढून त्यांनी तोंडात टाकली आणि सामना संपेपर्यंत तोंड उघडलं नाही.